ब्रेकचा लोखंडी पाइप गळतोय, घरी बदलू का?

मागच्या अंकात ब्रेक ऑइल कमी होण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर जी पत्रं आली त्यातली बहुतेक एकाच गोष्टीवर होती, गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो बारीक लोखंडी पाइप. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतलेत.

प्रश्न : दादा, गाडी जुनी आहे. धुताना मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं, हात लावला तर तेलकट, वर बघितलं तर ब्रेकचा पाइप गंजून फुगलाय आणि तिथूनच थेंब येतोय. पेडल आधीपेक्षा खाली जातं पण ब्रेक लागतो. ओळखीचे एक जण म्हणाले की खराब झालाय तेवढा तुकडा काप आणि मधे पाण्याच्या पाइपला टाकतात तसला रिंगवाला जोड टाक. टाकू का? आणि तोवर हळूहळू चालवली तर चालेल ना?

उत्तर : शेवटचं आधी घेतो. नाही चालणार, हळूसुद्धा नाही. गाडी आहे तिथेच उभी करा.

ब्रेक अजून लागतोय याचं कारण एवढंच की मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या भागात, एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि त्यांची सर्किट वेगळी असतात, कुठल्या गाडीत पुढची चाकं एक आणि मागची एक, कुठल्या गाडीत तिरपी जोडी. एक बाजू गळायला लागली की तो पिस्टन आधी रिकामाच पुढे सरकतो, टेकतो आणि मग दुसऱ्या बाजूला प्रेशर बनतं, म्हणून तुमचं पेडल खाली जातंय. म्हणजे आत्ता तुम्ही अर्ध्या ब्रेकवर आहात. आणि आज जिथून थेंब येतोय तिथे पाइपची भिंत कागदाइतकी पातळ झालेली असते, ती फुटणार ती तुम्ही जिवाच्या आकांताने पेडल दाबाल तेव्हाच, कारण प्रेशर तेव्हाच सगळ्यात जास्त असतं.

आता तो रिंगवाला जोड. अजिबात नको. घरातल्या नळाला पाण्याचं प्रेशर असतं फार तर ३ ते ५ बार. ब्रेक जोरात दाबला की त्या बारीक पाइपात ७० ते १०० बार सहज होतं, एबीएसवाल्या गाडीत त्याच्याही वर जातं. तो जोड पाइपला फक्त रिंगेने चिमटीत धरून ठेवतो, पाइपच्या टोकाला अडकायला काही नसतं, त्यामुळे रोजचे धक्के आणि खालची थरथर यांनी तो सरकत सरकत एक दिवस निसटतो, आणि निसटतो तेव्हा आधी गळून सांगत नाही. हेच रबरी नळी टाकून क्लिप आवळण्याबद्दल, हेच वेल्डिंगबद्दल, हेच वरून एपॉक्सी थापण्याबद्दल. काही ठिकाणी ब्रेकवर असले जोड कायद्यानेही चालत नाहीत, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

बरोबर रस्ते दोनच आहेत. एक, या नटपासून त्या नटपर्यंत आख्खा पाइप बदलायचा. दोन, खराब भाग कापून चांगल्या धातूपर्यंत यायचं, दोन्ही टोकांना फ्लेअर करायचं, म्हणजे टोक आत दुमडून फुलवायचं, आणि ब्रेकसाठीचाच युनियन, म्हणजे दोन फुलवलेली टोकं जोडणारा आट्यांचा तुकडा, टाकून जोडायचं. दुसरा रस्ता चुकीचा नाही, पण गंज कधी दोन बोटांत थांबत नाही, तुम्ही एक जागा कापता आणि वीतभर पुढे क्लिपखाली दुसरी जागा तयार होत असते. पाइप एखाद्या दगडाने चेपलाय, किंवा जॅक चुकीच्या जागी लावल्याने दबलाय आणि बाकी सगळा नव्यासारखा आहे, तेव्हा युनियन ठीक, तोही सरळ, हात पोचेल अशा जागी. गंजाने गेलेला असेल तर आख्खा बदला. आणि उजव्या बाजूचा पाइपही तेवढ्याच वयाचा आहे हे विसरू नका, गाडी वर आहेच तर तोही बघून घ्या.

काम घरी होण्यासारखं आहे, पण एका अटीवर, फ्लेअर चांगला जमला पाहिजे. खाली फ्लेअरिंगच्या प्रश्नात तेच सविस्तर लिहिलंय, ते वाचून हात आखडला तर पाइप घरी काढा, नवीन वाकवून ठेवा, आणि टोकं तेवढी मेकॅनिककडून फुलवून आणा. यात कमीपणा काही नाही. एक मात्र कराच, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे द्या, पाइपाशी झटापट करताना गाडी हलतेच.

प्रश्न : नवीन पाइप कशाचा घ्यावा? घरी एसीच्या कामातला तांब्याचा पाइप पडलाय, तो बरोबर त्याच जाडीचा वाटतो आणि हाताने वाकतो.

उत्तर : तो नका वापरू. साधं तांबं मऊ असतं म्हणून बरं वाटतं, पण थरथरीने ते हळूहळू कडक होत जातं आणि टोकाशी, नटच्या अगदी मागे, केसासारखी चीर जाते. ॲल्युमिनियमचा तर विचारही नको.

पर्याय उरतात दोन. मूळचा असतो तसा दुहेरी भिंतीचा स्टीलचा पाइप, वर कोटिंग असलेला. मजबूत, पण वाकवायला आणि फुलवायला जोर लागतो, आणि कोटिंग खरवडलं गेलं की तिथून परत गंज. दुसरा तांबं-निकेल मिश्रधातूचा, त्यात साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल आणि किंचित लोखंड नि मँगनीज असतं. हा दिसायला तांब्यासारखाच पण वागायला वेगळा, गंजत नाही, हाताने वाकतो आणि फ्लेअर करताना फाटत नाही. व्होल्वोने १९७६ पासूनच आपल्या गाड्यांना हा वापरायला घेतला. घरी पहिल्यांदा काम करणाऱ्याला मी हाच सांगेन. फक्त घेताना ब्रेकसाठीचा म्हणून लिहिलेला आहे ना ते बघा, नुसत्या रंगावरून घेऊ नका. स्टेनलेस चांगलं असतं पण घरच्या साध्या टूलने त्याचं टोक नीट दुमडत नाही, चीर जाते.

जाडी बहुतेक कारना बाहेरून ४.७५ मिलीमीटर असते, म्हणजे इंचात ३/१६, पण जुन्या पाइपवरचा थर खरवडून व्हर्नियरने मोजाच. लांबीसाठी जुन्या पाइपच्या वळणांवरून दोरी फिरवा आणि वर बोटभर नाही, चांगली वीतभर जास्त धरा, कारण एखादा फ्लेअर बिघडला की तो कापून परत करायचा असतो आणि तेव्हा पाइप आखूड पडला की सगळंच गेलं. जुना पाइप शक्यतो एकसंध बाहेर काढा, तोच तुमचा नमुना. नवीन पाइप त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवून एकेक वळण उतरवत जा, अरुंद वळणाला बेंडर वापरा, पाइप चेपला किंवा घडी पडली तर ती सरळ करत बसू नका, तो भाग बाद. मास्टर सिलेंडरजवळ पाइपला वेटोळी दिलेली दिसतील, ती शोभेची नाहीत, तिथली थरथर आणि हालचाल त्या वेटोळ्यांत जिरते, म्हणून नव्यालाही द्या. जेवढ्या क्लिप होत्या तेवढ्या सगळ्या परत लावा, लोंबता पाइप कुठेतरी घासणारच, आणि सायलेन्सरच्या पाइपपासून मूळचा जेवढा लांब होता तेवढाच लांब ठेवा.

प्रश्न : फ्लेअरिंगचा संच आणला, व्हिडिओ बघून केलं, पण प्रत्येक वेळी जोड पाझरतोय. नट अजून आवळू का?

उत्तर : आवळू नका. जोराने आवळून बिघडलेला फ्लेअर सुधारत नाही, उलट समोरच्या भागातली बैठक खराब होते, मग एवढ्याशा पाइपपायी आख्खा कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा एबीएसचा ब्लॉक (ज्यात त्याचा पंप नि व्हॉल्व्ह असतात) जातो.

आधी जुना पाइप हातात घ्या आणि त्याचं टोक नीट बघा. ब्रेकला दोन प्रकारचे फ्लेअर असतात. एक डबल फ्लेअर, तोंड ४५ अंशात आतून उघडं आणि कड दुमडून दुहेरी झालेली. दुसरा बबल फ्लेअर, टोक बाहेरून गोल फुगलेलं आणि मागे सपाट खांदा. अमेरिकन गाड्यांत बहुतेक डबल, युरोपियनमध्ये बबल, जपानी आणि कोरियन गाड्यांत पुष्कळदा डबल. घोळ इथे होतो की एम१० बाय १ (१० मिलीमीटर व्यास, आट्यांत १ मिलीमीटर अंतर) या आट्यांचा नट दोन्ही प्रकारात येतो, म्हणजे चुकीचा फ्लेअरसुद्धा आत जातो, आटे छान बसतात, आवळलाही जातो, आणि पाझरत राहतो. त्यामुळे आटे जुळले म्हणजे जोड जुळला असं समजू नका. नटचं नाकही बघा, बबलवाल्या नटला पुढे सहसा बिनआट्यांचा भाग असतो, डबलवाल्याचे आटे टोकापर्यंत येतात. नवीन नट जुन्याशेजारी ठेवून लांबीसकट जुळवा. आणि एकेरी फ्लेअर, जो गॅसच्या किंवा एसीच्या कामात चालतो, तो ब्रेकला चालत नाही, एकाच पदराची कड फाटते.

प्रकार बरोबर असूनही पाझरत असेल तर बहुतेक वेळा गडबड फुलवण्याच्या आधीच झालेली असते. हॅकसॉने कापलेलं टोक कधी काटकोनात नसतं आणि आत बुरा पडतो, म्हणून छोटा ट्यूब कटर घ्या, एक फेरी फिरवली की स्क्रू जरासाच आवळायचा, परत फेरी, घाई करून दाबलं की पाइप आत चेपतो. कापल्यावर तोंडात बोटाची नखी घालून बघा, आतल्या बाजूला एक धारदार ओठ लागेल. तो रीमरने पूर्ण काढायचा, बाहेरची कडही कानसने किंचित उतरती करायची, कोटिंग असेल तर पकडीत येणारा भाग खरवडून स्वच्छ करायचा, पाइप तोंड खाली करून धरायचा म्हणजे बुरा आत जात नाही, आणि शेवटी हवेने फुंकून काढायचा.

मग नट पाइपवर चढवा, आत्ता, आणि योग्य तोंडाने. एकदा टोक फुललं की तो चढत नाही.

पाइप डायमध्ये, म्हणजे संचातल्या भोकांच्या पकडपट्टीत, धरताना किती वर काढायचा याचा अंदाज नसतो करायचा, संचातल्या त्या मापाच्या बटणाला, म्हणजे टोकात घालून दाबायच्या छोट्या चकतीला, जी पायरी असते बरोबर तेवढीच उंची. डाय घट्ट आवळा, पाइपच्या बाजूची खिट्टी आधी. निम्मे फ्लेअर इथे बिघडतात, पाइप डायमधून मागे सरकतो आणि फ्लेअर छोटा येतो. टोकाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा. पहिल्या दाबात बटण घालून पूर्ण टेकेपर्यंत आवळलं की टोक अळंबीच्या टोपीसारखं फुगतं, बबल हवा असेल तर इथेच थांबायचं. डबल हवा असेल तर बटण काढून शंकूने दुसरा दाब, तो फुगवटा आतल्या आत दुमडून ४५ अंशाची दुहेरी कड तयार होते. इथे फार जोर लावू नका, कड पातळ होते.

आता उजेडात आणि जमलं तर भिंगातून बघा. कड सगळीकडे सारख्या रुंदीची हवी, भोक बरोबर मधे, कुठे चीर नको, चकचकीत भागावर ओरखडा नको. एक बाजू जाड, एक पातळ दिसली की कापा आणि परत करा. उरलेल्या तुकड्यांवर सराव करा आणि लागोपाठ चांगले यायला लागले की मगच खऱ्या पाइपला हात लावा.

बसवताना नट हाताने बरेच आटे आत गेला पाहिजे, पहिल्या आट्यालाच पाना लागला तर वाकडा लागतोय, बाहेर काढा, पाइपच्या दुसऱ्या टोकाकडून जरा हलवून परत लावा. दोन्ही टोकं हाताने लागल्यावर मगच आवळा. एवढ्या नटला साधारण १२ ते १८ न्यूटन मीटर लागतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा धरा. नवीन फ्लेअर किंचित पाझरला तर एकदोनदा सैल करून परत आवळला की बैठकीवर नीट बसतो. तरीही ओलं दिसलं तर फ्लेअर वाईट आहे, तो कापायचा.

प्रश्न : नट सुटतच नाहीये, कडा गोल व्हायला लागल्यात. आणि पाइप उघडला की सगळं ऑइल खाली येईल याची भीती वाटते.

उत्तर : साधा उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजूंना धरतो म्हणून कडा जातात, फ्लेअर नटचा वेगळा पाना मिळतो, रिंगपान्यासारखाच पण पाइप आत जाईल एवढी फट असलेला, तो घ्या. आधी तारेच्या ब्रशने गंज झाडा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. सुरुवातीला सोडवण्याच्या दिशेने नाही तर किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून बघा, गंजाची पकड त्याने मोडते. पाइप टाकूनच द्यायचा असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे तो नटच्या अगदी जवळून कापा आणि वरून सहा कोनी सॉकेट घाला, तो सहाही बाजूंनी धरतो. पाइप रबरी होजला जोडलेला असेल तिथे होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर होज पिळला जातो. आग लावून तापवणं घरी टाळा, ब्रेक ऑइल पेट घेतं आणि शेजारी रबर असतं.

ऑइलसाठी एक युक्ती आहे. पेडल साधारण इंचभर दाबून सीट आणि पेडलमधे काठी अडकवून ठेवा. मास्टर सिलेंडरमधले टाकीकडे जाणारे छोटे मार्ग त्याने बंद होतात आणि टाकी रिकामी होत नाही. ब्रेक लाइट मात्र चालू राहतो, म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढा. उघड्या टोकांना रबरी टोप्या लावा, धूळ आत जाता कामा नये. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, फडक्याने नुसतं पुसलं तर रंग सोलतो.

प्रश्न : आट्यांना टेफ्लॉन टेप लावावी की सीलंट?

उत्तर : काहीच नाही. इथे आटे गळती थांबवत नाहीत, धातूची कड धातूच्या बैठकीवर दाबली जाते तीच थांबवते. टेपचा तुकडा सुटून एबीएसच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला तर आजार पाइपपेक्षा मोठा होईल.

प्रश्न : पाइप बदलला, हवाही काढली, पण पेडल स्पंजसारखं लागतं. ऑइल डॉट ४ घातलंय, आधी डॉट ३ होतं.

उत्तर : ऑइलचं काळजीचं कारण नाही. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळतात, नव्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, पण ओलावा शोषला की तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली कधी घालू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळायचं नाही. डॉट ५.१ परत यांच्याच जातीचं. नाव सारखं म्हणून फसायला होतं, बाटली नीट वाचा.

स्पंज म्हणजे आत हवा राहिलीये. चाकांचा क्रम मॅन्युअलमधून घ्या, मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी हा जुना नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही, तिरप्या सर्किटच्या गाड्यांत क्रम वेगळा असू शकतो. एकाने पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू, उघडायचा, बंद करायचा, आणि बंद झाला असं मोठ्याने सांगितल्यावरच पेडल सोडायचं, यात चूक झाली की काढलेली हवा परत आत जाते. ब्लीडरला लावलेल्या नळीचं टोक ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा, टाकीवर सतत लक्ष ठेवा. जुनी गाडी असेल तर पेडल पार जमिनीला टेकवू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलेंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी कधी जात नाही तिथे गंज किंवा मळ साचलेला असतो आणि सील तिथे खरचटतो, मग पाइप नवीन असूनही पेडल हळूहळू बसत जातं आणि माणूस पाइपलाच दोष देत बसतो.

काम चालू असताना टाकी रिकामी झाली होती का, हे आठवून बघा. झाली असेल तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये गेली असेल आणि कित्येक गाड्यांत ती स्कॅनर लावून आतला पंप नि व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय निघत नाही. तेव्हा घरी पेडल मारत बसण्यात अर्थ नाही.

पेडल टणक झालं की इंजिन चालू करून पूर्ण जोराने दाबा आणि मिनिटभर धरा. हळूहळू खाली बसायला लागलं तर कुठेतरी गळतंय. मग प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळून बघा, डोळ्याला न दिसणारा ओलावा त्यावर डाग होऊन दिसतो. पहिली चक्कर मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. परत आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिश्यू.

प्रश्न : माझा पाइप गळत नाही पण वरून गंजलाय. ब्रशने घासून रंग मारला तर पुढची काही वर्षं निघतील का?

उत्तर : गंज कसला आहे त्यावर आहे. वर नुसता तांबूस रंग आलाय आणि फडक्याने पुसल्यावर खालचा पृष्ठभाग गुळगुळीत लागतोय, तर स्वच्छ करून गंजरोधक लावा आणि वरचेवर बघत राहा. पण पापुद्रे सुटतायत, नखाला खड्डे लागतायत, पाइप मूळ जाडीपेक्षा फुगलेला दिसतोय, तर तिथे रंग मारून फक्त तो भाग दिसेनासा होईल. जोराने घासू नका, कधीकधी गंजाचा पापुद्राच भोक बुजवून बसलेला असतो. असा पाइप गळायची वाट न बघता बदलायचा.

आणि दिसणारा भाग बघून निर्णय घेऊ नका. पाणी नि चिखल साचतो तो क्लिपच्या आत, मागच्या ॲक्सलच्या वर आणि पेट्रोलच्या टाकीच्या वरून पाइप जातो तिथे. क्लिप एकेक उघडून बघा, टाकीच्या वर टॉर्च आणि छोटा आरसा घालून बघा, तरी दिसत नसेल तर टाकी थोडी खाली उतरवावी लागते, आणि ते काम गॅरेजमध्ये करून घ्या.